काटा हलत नाही, तेव्हा काय मोजायचं?

फेब्रुवारीत एका सकाळी मावशीचा फोन आला. "पाच महिने झाले गं. आठवड्यातून तीन दिवस त्या डंबेल्सशी झटते आहे, रोज चालते आहे, रात्रीचा भात अर्ध्यावर आणलाय. आणि काटा? नवरात्रात 66.2 होता, आज 65.6. सहाशे ग्रॅमसाठी एवढं करायचं का?" मावशी 61 वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली. चिकाटीत तिचा हात कुणी धरणार नाही, पण त्या दिवशी ती सगळं सोडून द्यायच्या बेतात होती.

बोलता बोलता विषय लग्नाच्या साडीवर गेला. ठेवणीतल्या पैठणीवरचा ब्लाऊज तिने घालून पाहिला, तर पाठीत आणि कमरेशी सैल. म्हणून तो टेलरकडे दिला होता. दोन वर्षांपूर्वी हाच ब्लाऊज घट्ट होतो म्हणून आतली माया उसवून मोठा करून घेतला होता. आता त्याच जागी पुन्हा टीप घालायची होती. पाच महिन्यांचं फळ टेलरच्या टेपवर दिसत होतं आणि मावशी काट्यापाशी रडत बसली होती.

असं खूप जणांचं होतं. चांगला सुरू झालेला व्यायाम निव्वळ काट्यामुळे सुटतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे नीट समजून घेऊ.

काट्यावर उभं राहिलं की तो हाडं, स्नायू, चरबी, रक्त, पाणी आणि कालच्या जेवणाचा आतड्यात राहिलेला भाग, सगळ्यांची बेरीज दाखवतो. त्यातलं कमी काय झालं आणि वाढलं काय, हे त्याला कळायचा मार्गच नाही. मावशीच्या बाबतीत चरबी उतरली होती आणि स्नायू थोडे वाढले होते. बेरीज जवळपास तीच राहिली. चरबीपेक्षा स्नायू दाट असतो. एक किलो स्नायू एक किलो चरबीपेक्षा साधारण 15 टक्के कमी जागा घेतो. त्यामुळे काटा हलला नाही तरी ब्लाऊज सैल होऊ शकतो.

रोजच्या चढउतारात सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. भात, भाकरी, पोळीतून आलेली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. हा साठा साधारण अर्धा किलो असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. म्हणजे साठा पूर्ण भरला आणि पूर्ण रिकामा झाला, यांत दोन किलोंचा फरक पडू शकतो. भात-पोळी बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरतात, त्याचं कारण मुख्यतः हेच. आणि लग्नाच्या पंगतीत जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर जातो, त्याचंही हेच. जोडीला पापड-लोणच्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं. बायकांना पाळीच्या आधीचे काही दिवस असाच अनुभव येतो.

एका रात्रीत ते दीड किलो चरबी का असू शकत नाही, हे हिशोबाने पटतं. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ 7,700 कॅलरी. एक मध्यम पुरणपोळी तुपासकट 300 कॅलरींची धरली, तर एक किलो चरबी चढायला रोजच्या जेवणावर आणखी पंचवीस पुरणपोळ्या खाव्या लागतील. दीड किलोला अडतीसच्या वर. होळीच्या दिवशीसुद्धा एवढ्या कुणाला जात नाहीत.

व्यायाम नव्याने सुरू केला की तर काटा उलट वरही जातो. ताण पडलेल्या स्नायूंना दुरुस्तीच्या काळात थोडी सूज असते, तिथे पाणी जमतं. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पहिल्या काही दिवसांतच वाढू लागतो. शरीर कामाला लागल्याची ही खूण आहे, पण नेमक्या याच दिवसांत लोक "मला व्यायाम मानवत नाही" म्हणून थांबतात. काट्यावर उभं राहायचंच असेल तर रोज सकाळी एकाच वेळी राहा, आणि बघायची ती सात दिवसांची सरासरी. एकट्या मंगळवारच्या आकड्याला काही अर्थ नसतो.

आता काट्याच्या दुसऱ्या बाजूच्या फसवणुकीकडे वळते. ती आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे आणि तिचा शोध पुण्याशी जोडलेला आहे.

उंचीच्या मानाने वजन ठीक आहे का, हे बघायला आपण बीएमआय काढतो: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र अ‍ॅडॉल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं, 1830च्या दशकातलं. त्याला समाजातला 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधायचं होतं, कुणाची तब्येत तपासायची नव्हती. बीएमआय हे नाव तर 1972 साली अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं.

2004 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरमित्रांचा एक छायाचित्रासह छोटा लेख आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. कुठल्याही तक्त्यात दोघंही उत्तम. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत पोहोचणं, असंही त्यांनी त्यात लिहिलं होतं. पण सगळा फरक व्यायामाचा नव्हता. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं घेऊन इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपली बाळं सरासरी 2.7 किलोंची, तिथली 3.5 किलोंची. आपल्या बाळांच्या पोटाचा घेर आणि स्नायू बरेच कमी होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. अंगाने बारीक आणि तरी चरबी राखून असलेली ही ठेवण आपण जन्मापासून घेऊन येतो.

म्हणून आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची पायरी 25 ऐवजी 23वरच धरतात. तरीही 22चा माणूस सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, कारण चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे. मांड्यांवरची, दंडावरची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटाच्या आत, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी माणसं आपल्या प्रत्येक घरात आहेत, आणि "आमचं वजन काही वाढत नाही बुवा" असं म्हणून ती निर्धास्त असतात.

पोटातली ही चरबी घरी मोजायला सुतळीचा एक तुकडा पुरतो. स्वतःच्या उंचीएवढी सुतळी कापा, बरोबर निम्मी दुमडा आणि ती दुहेरी सुतळी कमरेभोवती गुंडाळा. टोकं आरामात जुळली तर ठीक. जुळत नसतील तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्या दृष्टीने लक्ष द्यायला हवं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शक संस्थेने 2022 साली लोकांना हाच नियम सांगितला: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा. आपल्याकडे डॉक्टर ढोबळ मर्यादा सांगतात ती पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80.

माप घ्यायची जागा मात्र चुकू नये. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पुरुषांचं पोट वाढलं की पट्टा पोटाखाली सरकतो, त्यामुळे वीस वर्षं पँट 34चीच राहते. शेवटची बरगडी आणि बाजूचं कमरेचं हाड बोटांनी चाचपा आणि त्यांच्या मधोमध टेप धरा. श्वास सहज सोडल्यावर माप घ्या, पोट आत ओढू नका. टेप कातडीला टेकलेली असावी, रुतलेली नको. महिन्यातून एकदा पुरे. मावशीची उंची 154, म्हणजे तिला गाठायचा आकडा 77. ऑक्टोबरात कंबर 93 होती, फेब्रुवारीत 87. सहाशे ग्रॅमच्या मागे हे सहा सेंटिमीटर लपले होते.

आता ताकदीकडे येते. जेवणानंतर रक्तात येणारी साखर ओढून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. वयाबरोबर ते झिजत जातात. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर उतरलेल्या किलोंमध्ये स्नायूंचाही वाटा असतो, आणि काटा तोही यश म्हणूनच दाखवतो. हल्ली वजन कमी करणारी इंजेक्शनं आपल्याकडेही मिळू लागली आहेत. ती घेणाऱ्यांनी तर ताकद मोजायलाच हवी.

त्याची सगळ्यात सोपी चाचणी खुर्चीची. हात नसलेली, साधारण 43 सेंटिमीटर उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीवर आडवे धरून बसायचं आणि तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजायचं. अमेरिकेत ज्येष्ठांच्या पडण्याचा धोका तपासताना हीच चाचणी घेतात. तिथे साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी आणि पुरुषाला चौदापेक्षा कमी जमलं तर ते सरासरीखाली धरतात. मावशीने सुरुवातीला नऊ केल्या होत्या, तेही शेवटची मांडीवर हात टेकून. फेब्रुवारीत चौदा.

पहिल्या महिन्या-दीड महिन्यात हा आकडा भराभर वाढतो आणि तरी स्नायू मोठे झालेले दिसत नाहीत, तेव्हा गोंधळू नका. त्या काळात मेंदू आणि मज्जातंतू शिकत असतात. आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू एकदम कामाला कसे लावायचे, हे त्यांना जमू लागतं. स्नायूचा आकार नंतर सावकाश वाढतो. म्हणून वहीत डंबेलचं वजन आणि किती वेळा उचललं एवढं दर वेळी लिहीत गेलात, तर काट्याच्या कितीतरी आधी प्रगती दिसते.

हाताच्या पकडीवर तर मोठा अभ्यास झालेला आहे. भारतासह 17 देशांतल्या सुमारे 1,40,000 लोकांची पकड एका उपकरणाने मोजून त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं. 2015 साली निष्कर्ष आले: पकड 5 किलोंनी कमी असली की मृत्यूचा धोका सरासरी 16 टक्क्यांनी जास्त दिसला, आणि याबाबतीत वरच्या रक्तदाबापेक्षा पकड अधिक बोलकी ठरली. याचा अर्थ रबरी चेंडू दाबत बसलं की आयुष्य वाढेल असा नाही. पकड ही सगळ्या शरीराच्या ताकदीची खूण आहे. मावशीचं माप गिरणीच्या रस्त्यावर आहे: पाच किलोंचं दळण, गिरणी ते घर. आधी तीनदा हात बदलावा लागायचा, आता एकदाही नाही.

जमिनीवर मांडी घालून बसणं आणि कशालाही हात न टेकता उठणं, हीसुद्धा एक मान्यताप्राप्त चाचणी आहे. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी तिला दहा गुण ठेवले आहेत, बसायला पाच आणि उठायला पाच. हात, गुडघा जे काही टेकेल त्याचा प्रत्येकी एक गुण वजा आणि तोल गेला तर अर्धा. आपल्या आज्या हे रोज पंगतीत करायच्या. डायनिंग टेबल आल्यापासून आपलं ते सुटलं. गुडघ्याचं दुखणं असेल तर हा प्रयोग एकट्याने करू नका.

उरलं हृदय आणि फुप्फुसं. त्यासाठी मावशीने पर्वती निवडली, कारण घर जवळ आणि 103 पायऱ्या कधी बदलत नाहीत. ऑक्टोबरात वर पोहोचायला तिला 5 मिनिटं 10 सेकंद लागली, दोनदा थांबून. वर पोहोचताच मनगटावर नाडी मोजली: पंधरा सेकंदांत 34 ठोके, म्हणजे मिनिटाला 136. एक मिनिट स्वस्थ उभी राहिली आणि पुन्हा मोजली तर 124. फेब्रुवारीत वेळ 3 मिनिटं 25 सेकंद, न थांबता. नाडी 132, आणि मिनिटाभराने 108.

या दुसऱ्या आकड्यात फार अर्थ आहे. श्रम थांबल्यावर नाडी किती लवकर खाली येते, यावरून हृदयाला आवर घालणारी मज्जासंस्था किती तल्लख आहे ते कळतं. दवाखान्यात ट्रेडमिलच्या चाचणीनंतर पहिल्या मिनिटात 12 किंवा त्याहून कमी ठोके उतरले तर डॉक्टर ते चांगलं लक्षण मानत नाहीत. हा आकडा पायऱ्यांना जसाच्या तसा लावायचा नाही, पण मावशीचं उतरणं 12 वरून 24 झालं, हे तिच्या स्वतःच्याच मापाने दुप्पट आहे. पायऱ्या कुठल्याही चालतील, सोसायटीच्या चार मजल्यांच्यासुद्धा. जागा, वेळ आणि चपला त्याच ठेवा. चढताना छातीत दाब किंवा घेरी जाणवली तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे जा, आणि हृदयाचा आजार आधीपासून असेल तर त्यांना विचारल्याशिवाय हे करूच नका.

सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी मोजलेली नाडीही बोलते. व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. मावशीची नाडी 82 वरून 73 वर आली. मिनिटाला नऊ ठोके वाचले, तर चोवीस तासांत 12,960. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मुळातच कमी ठेवतात. तशी गोळी चालू असेल तर या आकड्यावर विसंबू नये.

यंत्रांबद्दल थोडक्यात. चरबीची टक्केवारी दाखवणारे घरगुती काटे तळपायांतून अगदी सौम्य वीज सोडतात. स्नायूंतल्या पाण्यातून ती सहज जाते, चरबीत अडते, आणि त्यावरून अंदाज बांधला जातो. दोन ग्लास पाणी प्यायल्यावर किंवा घाम गाळून आल्यावर अंदाज बदलतो. तो आकडा खरा धरू नका, महिन्यांमागून महिने तो कुठे चाललाय एवढंच बघा. डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी हाडं, चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजणारी तपासणी, बराच अचूक असतो, पण घरच्या हिशोबाला त्याची गरज नसते. घड्याळातली नाडी साधारण ठीक असते, जळलेल्या कॅलरी मात्र भरवशाच्या नाहीत. त्या बघून जास्तीची जिलेबी घेऊ नका. रक्ताच्या तपासण्यांत एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, तेव्हा ती महिन्या-महिन्याला करून काही मिळत नाही.

काटा फेकून द्या असं मी म्हणणार नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी चढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं लागतं. काही न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर आनंद मानण्याआधी तपासणी करावी. ही कामं काट्याचीच आहेत.

मावशीने टेलरकडून ब्लाऊज आणला त्या संध्याकाळी मी तिच्याकडे होते. सुतळीची गोष्ट निघाली म्हणून काकांनी हौसेने स्वतःची सुतळी कापून घेतली. काकांची उंची 168, वजन 62, बीएमआय 22. "माझं लग्नातलं जाकीट अजून येतं" हे ते कायम सांगतात, आणि ते खरंही आहे, कारण जाकिटाची बटणं ते लावत नाहीत. दुमडलेली सुतळी कमरेला गुंडाळली, तर टोकं चार बोटं लांब राहिली. दुसऱ्यांदा गुंडाळली, तरी चार बोटं. काका काही बोलले नाहीत. सोमवारी जाऊन रक्त दिलं. एचबीए1सी 6.1 आलं, म्हणजे मधुमेह अजून नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर.

मावशीच्या वहीची मागची बाजू आता काकांची आहे. वजनाचा रकानाच आखलेला नाही. पहिल्या पानावर, मावशीच्या वळणदार अक्षरात: कंबर 91. खुर्ची 11. पर्वती, रविवारी.